साखरखेर्ड्याला दिलेली मंजुळा

लोणारच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गोमुखातून पडणाऱ्या झऱ्याच्या, म्हणजे धारेच्या, जरा अलीकडे, पंचफुलाबाईचं घर होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे लांबलचक ओसरी आणि मागे भाजीचा मळा. नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनाला लांबलांबची माणसं येत आणि त्यातली बरीच या ओसरीत उतरत. आमचं घर शेजारीच. माझी आई जनकाबाई दारात नारळ, उदबत्ती, हळदकुंकू मांडून बसायची, आणि पंचफुलाबाई पाहुणे उतरवायची. दोघींचं सगळं आयुष्य एका कुडाच्या दोन बाजूंना गेलं. म्हणून मी जे सांगतो आहे त्यातलं थोडं पाहिलेलं आहे आणि बरंचसं आईकडून ऐकलेलं.

पंचफुलाबाई उंच, काळीसावळी, आणि आवाज असा की एस.टी. गावात शिरली की तो इंजिनाच्या वर ऐकू यायचा. "चला माय, उतरा आमच्या इथं. देवी खाली हाय, धार जवळ हाय, आन् भाकर माह्या चुलीवर हाय!" ती मेहकरच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती, पण मलकापूरला कापूस कसा झाला आणि खामगावात कोणाच्या घरी बारसं झालं हे तिला ठाऊक असे. पाहुणे सांगत आणि ती लक्षात ठेवी. पुढच्या वर्षी तेच माणूस आलं की पहिला प्रश्न त्याच गोष्टीचा. माणसं त्यासाठीच तिच्याकडे परत येत असावीत.

तिचा नवरा उकंडराव याच्या उलट. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललेला, तेच नाव पडलेलं. तो मळ्यात वांगी, मिरची, मेथी करी आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोले. त्यातली दोन मंजुळाशी.

मंजुळा त्यांची एकुलती एक लेक. तिच्या पाठीवर काही झालं नाही. सोळा-सतरा वर्षांची ही पोरगी पाहुण्या बायकांना तळ्यात घेऊन उतरायची. वरच्या कडेपासून खाली देवळापर्यंतची वाट उताराची आणि झाडीची आहे, दगड निसटतात, माकडं हातातला प्रसाद ओढून नेतात. म्हाताऱ्यांचा हात धरावा, दुसऱ्याचं लेकरू कडेवर घ्यावं आणि सगळ्या वाटेनं बोलत जावं, असा तिचा शिरस्ता. नको तिथं हसू येण्याची तिला खोड होती. बापाच्या मळ्यातलं वांगं ती तोंडात घालत नसे, आणि बापही आईच्या नकळत तिच्यासाठी मेथीची जुडी बाजूला ठेवी. साखरखेर्ड्याच्या किसनराव माळ्याच्या थोरल्या मुलासाठी तिला पाहून गेले होते. पोरगी पसंत होती. दिवाळीनंतर सुपारी फोडायची ठरली होती.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या नवरात्रात वरवट बकालहून हिंमतराव आणि त्यांची बायको अन्नपूर्णाबाई पहिल्यांदा लोणारला आले. सातपुड्याच्या पायथ्याकडचं शेतकरी घर, खाऊनपिऊन सुखी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही अन्नपूर्णाबाईची कूस उजवली नव्हती. कोणीतरी कमळजादेवीचा नवस सांगितला म्हणून गावातल्या चार बायांबरोबर ती आली होती. बुजरी, अंगानं बारीक, मान वर करून न बोलणारी. मंजुळानं तिला पहिल्याच दिवशी तळ्यात नेलं आणि वर येईपर्यंत तिला हसायला लावलं होतं, असं आई सांगते.

चौथ्या माळेला गावात दवंडी फिरली. आसपासच्या खेड्यांत पटकीची साथ लागली होती. जत्रा बंद, बाहेरच्या माणसांनी आजच्या आज आपापल्या गावी जावं. दुपारपर्यंत रस्त्यावर बोचकी, लेकरं, रडारड. एस.टी.च्या टपावरसुद्धा माणसं चढली. आणि त्याच दुपारी अन्नपूर्णाबाईला वांत्या सुरू झाल्या. सोबतच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मिळेल त्या गाडीनं निघून गेल्या. हिंमतराव डॉक्टर आणायला मेहकरला धावले, आणि तिथून परत निघाले तर रस्ता बंद झालेला. नाक्यावर पोलीस बसले होते. लोणारात कोणी जायचं नाही, लोणारातून कोणी यायचं नाही.

गावातली दोन-चार जाणती माणसं पंचफुलाबाईच्या दारात आली. या बाईला धर्मशाळेत हलवा, घरात ठेवू नका, म्हणाली.

"पावनी आजारी पडली म्हून उकिरड्यावर टाकू काय तिले?" पंचफुलाबाई म्हणाली. बोलून गेल्यावर तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

उकंडराव ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. "राहू द्या," एवढंच म्हणाला.

मग मायलेकींनी तिला राखलं. उकळून गार केलेलं पाणी, मीठ घातलेली तांदळाची पेज, चमच्या-चमच्यानं. अन्नपूर्णाबाई शुद्धीत-बेशुद्धीत होती. तिची घाण काढायची, लुगडी मळ्याच्या टोकाला नेऊन धुवायची, राख टाकायची, हे सगळं मंजुळानं केलं. पंचफुलाबाई तिला म्हणायची, मी करते, तू सर. तर ती म्हणे, "तू चूल पाह्य. मले काही होत नाही." दोन दिवसांनी सरकारी डॉक्टर दवाखान्याची गाडी घेऊन आला. गावातले आजारी आधीच गाडीत भरलेले, एकीपुरतीच जागा उरली होती. अन्नपूर्णाबाईला उचलून गाडीत ठेवलं. तिनं मंजुळाचं मनगट धरून ठेवलेलं.

"मले पोरगी झाली तं तुहंच नाव ठेवीन," ती म्हणाली. आवाज फुटत नव्हता.

मंजुळाला हसू आलं. "आन् पोरगा झाला तं?"

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा मळ्यात खाली बसली ती उठली नाही.

उकंडराव रस्त्यापर्यंत पळत गेला. दवाखान्याची गाडी दुसऱ्या गावांकडे निघून गेली होती. त्यानं बैल जुंपले, गाडीत कडबा घातला, वर पोरीला निजवली, पंचफुलाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मेहकरच्या रस्त्यावरच्या नाक्यावर त्यांना अडवलं. नाक्यावरचा पोलीसही पोरसवदा, घाबरलेला. हुकूम नाही म्हणाला, साहेबांना विचारून येतो म्हणाला, आणि सायकल घेऊन गेलासुद्धा. गाडी लिंबाच्या सावलीला उभी राहिली. मंजुळानं दोनदा पाणी मागितलं. तिसऱ्यांदा ओठ हलले, पण काय मागितलं ते पंचफुलाबाईला कळलं नाही. पोलीस सायकलवरून परत येताना दुरूनच हात हलवत होता, जा म्हणून. तोवर सगळं संपलं होतं. उकंडरावानं बैल फिरवले.

साथीच्या दिवसांत मातीला माणसं जमवायची नव्हती. कोणी भेटायला आलं नाही, कोणी गळ्यात पडलं नाही. आई तेवढी कुडाजवळ उभी राहून रोज भाकरी पलीकडे देत राहिली. पंचफुलाबाई ती घेई आणि बैलांपुढे ठेवी.

पुढची दोन नवरात्रं जत्रा भरली नाही. साथ कधी इकडे, कधी तिकडे डोकं काढत होती. जत्रांवर बंदी होती, आणि टोचून घेतल्याचा दाखला दाखवल्याशिवाय एस.टी.त पाऊल ठेवू देत नसत. आमच्या गावाचं अर्धं पोट त्या नऊ दिवसांवर चालायचं. चहावाले, फुलवाले, पाळणेवाले सगळे रोजानं निंदणीला जाऊ लागले. आईनं नारळाची पाटी उलटी करून तिच्यावर कोंबड्या बसवल्या. सगळे म्हणत, बंदी कधी उठते. पंचफुलाबाई म्हणत नसे. तिनं ओसरीत कडबा रचून ठेवला होता, पार आढ्यापर्यंत. तिचा आवाज आम्हाला ऐकू येईनासा झाला. घरात मंजुळाचं नाव कोणी काढायचं नाही, असं ठरवलेलं नव्हतं, पण कोणी काढत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी श्रावणात बातमी आली, यंदा जत्रा भरणार. गावाला जणू ताप उतरल्यासारखं झालं. देवळाला चुना लागला, तळ्याची वाट साफ झाली, पाळणेवाला आपला मोडका पाळणा घेऊन भाद्रपदातच येऊन बसला. घटस्थापनेच्या दिवशी पहिली गाडी आली, तर गावानं ड्रायव्हरला नारळ दिला आणि कंडक्टरच्या कपाळाला गुलाल लावला.

पंचफुलाबाईनं ओसरी उघडली नव्हती. आदल्या दिवशी उकंडरावानं आपणहून कडबा काढायला घेतला तेव्हा ती म्हणाली, "काऊन काढता? मी कोनाले उतरवनार नाही."

"बंद ठेवून येनार हाय का पोरगी परत?" तो म्हणाला. आणि तो कडबा काढत राहिला.

दुसऱ्या माळेला, ऊन चढत असताना, रस्त्यावरून हाक आली. "मावशी! ओ मावशी!"

अन्नपूर्णाबाई. अंगानं भरलेली, नाकात नथ, मान वर. मागे हिंमतराव ट्रंक घेऊन. कडेवर वर्षा-सव्वा वर्षाची पोरगी, टोपरं घातलेली. तिनं पोरीला ओसरीच्या पायरीवर उतरवलं आणि पंचफुलाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. मग पोरीचं डोकं धरून वाकवलं.

"मंजुळे, पाय पड. आजी हाय तुही." आणि हसून वर पाहत, "नाव ठेवीन म्हनलं होतं ना मी! बंदी होती म्हून येता आलं नाही, नाही तं पोटात होती तवाच येनार होती देवीले. कुठी हाय ते? बोलवा ना तिले. मंजुळा!" तिनं घरात हाक मारली.

आई दोन हातांवर आपल्या पाटीशी बसली होती. तिनं सगळं पाहिलं. पंचफुलाबाई दाराला धरून उभी होती. पायरीवर ते लेकरू तिचं लुगडं धरून उभं राहायला पाहत होतं, पडत होतं, परत धरत होतं.

"नांदाले गेली," पंचफुलाबाई म्हणाली. "साखरखेर्ड्याले देली तिले."

अन्नपूर्णाबाईनं तोंडावर हात ठेवला. आनंदानंच. "आन् मी लग्नाले नव्हती! घर कसं हाय?"

"चांगलं हाय. किसनराव माळ्याचा थोरला."

आणि तिनं वाकून लेकरू उचललं.

संध्याकाळी आई कुडाजवळ गेली. "काऊन असं बोलली व पंचफुले?"

"तू पाह्यलं ना त्या लेकराले?" ती म्हणाली. "आत्ता कुठं उभं राहून राह्यलं. मेलेल्या पोरीचं नाव ठेवलं असं सांगू त्याच्या मायले? इतक्या वरसांनं झालेलं लेकरू. देवीच्या पायावर घालाले आनलं. मी कोन्या तोंडानं सांगू?"

"आज नाही तं उद्या कोनी सांगनच."

"कोनी नाही सांगत. तू सगळ्याइले सांगून ठेव."

आईनं सांगून ठेवलं. पटकीत कोणाच्या घरचं कोण गेलं नव्हतं? गाव गप्प राहिलं.

त्या दिवसापासून ओसरी पुन्हा सुरू झाली. पाहुणे वाढतच गेले. नवरात्राबाहेरही माणसं येऊ लागली. शाळांच्या सहली येत, कचेरीतले लोक बायकापोरं घेऊन येत, आणि एकदा तर गोरे साहेब आले. तळ्याकाठचे दगड पिशव्यांत भरून त्यांनी पंचफुलाबाईच्या ओसरीत ठेवले आणि तिच्या हातचं पिठलं खाऊन डोळ्यांत पाणी आणलं. बंदी उठल्यावर गावात पैसा खेळू लागला, दुकानं वाढली. पंचफुलाबाईचा आवाज परत आला. पण सगळ्या वर्षात ती वाट पाही ती अन्नपूर्णाबाईची.

ती येई, चार दिवस राही, आणि मंजुळाची विचारपूस करी. सासू कशी आहे? बरी आहे, जरा तोंडानं फटकळ. नवरा? गरीब आहे बिचारा, हिच्यापुढे बोलत नाही. अजून वांगं खात नाही का? आता खाते, सासरी कोण लाड करतं. पंचफुलाबाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत हे सांगे, आणि छोटी मंजुळा तिच्या पाठीवर ओणवी होऊन केसांशी खेळे. आई म्हणते, त्या चार दिवसांत तिचं तोंड उजळलेलं असे. कोणी म्हणावं हिची लेक खरंच नांदते आहे. नवरात्रात का आणत नाही, असं अन्नपूर्णाबाई विचारी. त्यांच्या घरी घट बसतात, पाठवत नाहीत, असं उत्तर ठरलेलं होतं.

उकंडराव ते चार दिवस मळ्यातच राही. जेवायलासुद्धा येत नसे. दुसऱ्या वर्षी पाहुणे गेल्यावर तो चुलीजवळ येऊन उभा राहिला. आई तेव्हा तिथंच होती, वाटीभर तेल मागायला गेलेली.

"तिले लेकरू झालं असं सांगतलं म्हने तू?"

"सांगतलं."

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग खाली पाहत त्यानं विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"पोरगा," पंचफुलाबाई म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि मळ्यात निघून गेला.

पुढच्या वर्षी हिंमतराव आले नाहीत. ज्वारीची कामं होती. अन्नपूर्णाबाई गावच्या बायांबरोबर आली. येताना मंजुळाच्या मुलासाठी तिनं स्वतः शिवलेलं झबलं आणि कुंची आणली होती, लाल कापडाची, कडेला गोट लावलेली. "मी धाडून देईन," पंचफुलाबाई म्हणाली. "राहू द्या मावशी," ती म्हणाली, "माह्याजवळच राहू द्या," आणि हसली. त्या हसण्याचा अर्थ कोणाला लागला नाही. निघायच्या दिवशी ती आमच्या दारातून उदबत्ती घेत होती. तेव्हा आईच्या कानाशी लागून म्हणाली, "जनकाबाई, मावशीले सांगू नका आत्ता. मेहकरहून साखरखेर्ड्याची गाडी हाय. बाया पुढं जातीन, मी मंजुळाले भेटूनच जातो. मागून सांगा, तिले बरं वाटन."

आईच्या हातातून सुटे पैसे सांडले. ती म्हणे, मी नुसते पैसे वेचत राहिले. खरं सांगावं तर पंचफुलाचं खोटं उघडं पडतं, आणि तेही रस्त्यात, लेकरासमोर. तेवढ्यात गाडीनं हॉर्न दिला आणि अन्नपूर्णाबाई पोरीला घेऊन पळाली.

आई तशीच पंचफुलाबाईकडे गेली. तिनं ऐकलं, परातीतलं पीठ तसंच टाकलं, हातही धुतले नाहीत. पुढच्या गाडीनं ती मेहकरला गेली, तिथं साखरखेर्ड्याच्या गाडीसाठी थांबली. जन्मात पहिल्यांदा ती मेहकरच्या पलीकडे निघाली होती.

साखरखेर्ड्याच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा दुपार कलली होती. बाजाराचा दिवस नव्हता, स्टँड रिकामं होतं. एका बाभळीखाली अन्नपूर्णाबाई बोचक्यावर बसली होती. पोरगी मातीत रेघोट्या ओढत होती. तिनंच आधी पाहिलं. "आजी!" म्हणून ती धावत सुटली.

अन्नपूर्णाबाईनं झटकन उठून तिचं मनगट धरलं आणि तिला मागे ओढलं. लुगड्याच्या आड घेतलं.

पंचफुलाबाई होती तिथं थांबली. आईला ती पुढे कित्येकदा म्हणाली, "ते ओढनं दिसलं आन् मले समजलं. काही इचारायची जरूरच नव्हती."

अन्नपूर्णाबाई किसनरावांच्या घरी जाऊन आली होती. थोरल्याची बायको दारात आली, तिच्या कडेवर मूल होतं. अन्नपूर्णाबाईनं तिलाच मंजुळाची जाऊ समजून झबलं पुढे केलं. मग आतून किसनरावांची म्हातारी आली. चांगली बाई होती, तिनं हिला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि हळूच सांगितलं की लोणारची ती पोरगी तर सुपारी फुटायच्या आधीच पटकीत गेली.

"पटकीत," अन्नपूर्णाबाई म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "कवा, मावशी?"

"तुले गाडीत घातलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"माही लुगडी तिनं धुतली होती."

पंचफुलाबाईनं हातावरचं वाळलेलं पीठ खरवडलं.

"आन् गाडी? मले नेलं ते गाडी परत नाही आली तिच्यासाठी?"

"नाही आली."

"माह्या जागी ते गेली असती तं..."

"असं बोलू नको, माय. कोनी कोनाच्या जागी जात नसते."

"तीन वरसं!" अन्नपूर्णाबाईचा आवाज चढला. स्टँडवरच्या चहावाल्यानं वळून पाहिलं. "तीन वरसं मी तुमच्या चुलीपुढं बसून तिची चौकशी केली. सासू काय म्हनते, लेकरू काय खाते. तुमी मले भाकरी वाढून सांगत राह्यल्या. काऊन? मी तुमची कोन होती? मले रडू देलं असतं, मावशी! मी तिच्यासाठी एक डाव रडलीबी नाही!"

पंचफुलाबाईला खूप काही सांगायचं होतं. नावाचं सांगायचं होतं, पायरीवर पडत-उठत उभं राहणाऱ्या लेकराचं सांगायचं होतं. पण सगळं खरं सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की पहिल्या वर्षी अन्नपूर्णासाठी बोललेलं खोटं पुढे तिला स्वतःलाच हवंसं झालं होतं. चुलीपुढे चार दिवस का होईना, लेक नांदत होती. ते तिच्या तोंडून निघालं नाही. ती फक्त म्हणाली, "चुकलं माह्यं."

मग अन्नपूर्णाबाईला रडू फुटलं. ती खाली बसली आणि दोन्ही हात जमिनीवर आपटून रडली. पोरगी भेदरून तिच्या गळ्याला मिठी मारून रडू लागली. पंचफुलाबाई तीन हातांवर उभी होती. पुढे होऊन पाठीवर हात ठेवावा असं तिला फार वाटलं. पण मघाचं ते मनगट ओढणं डोळ्यांसमोरून हलेना.

चिखलीची गाडी आली. अन्नपूर्णाबाईनं डोळे पुसले, बोचकं उचललं. चढताना ती वळली आणि पायरीवरूनच पंचफुलाबाईला वाकून नमस्कार केला. पोरीला मात्र वाकवलं नाही. गाडी सुटली.

पंचफुलाबाई घरी आली तेव्हा उकंडराव चुलीपुढे बसून होता. चूल पेटवता येत नव्हती तरी पेटवायला पाहत होता.

"सांगतलं?" त्यानं विचारलं.

"तिले समजलं."

"मंग?"

"गेली."

उकंडरावानं फुंकणी खाली ठेवली. पोरीची माती झाली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आता तो मोठ्यानं रडू लागला. पंचफुलाबाई म्हणे, मला आधी वाटलं बैल हंबरतो. मग रडता रडताच तो बोलायला लागला, आयुष्यात बोलला नसेल तेवढं. पोरगी लहानपणी मिरचीच्या वाफ्यात कशी लपायची, त्याच्या पागोट्यात बोरं ठेवून कशी विसरायची, लिंबाखाली गाडी उभी होती तेव्हा आपण नाका मोडून बैल पुढे का हाकलले नाहीत. पोलीस एकटाच होता, आणि तोही निघून गेला होता. रस्ता मोकळा होता, तरी आपण हुकमाची वाट पाहत उभे राहिलो. हे तो इतकी वर्षं पोटात घेऊन मळ्यात राबत होता. पंचफुलाबाईनं पहिल्यांदा ऐकलं. ती त्याच्याजवळ बसली आणि तिनं सांगितलं की मोडला असता तरी मेहकर लांब होतं. ते खरं होतं की नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

अन्नपूर्णाबाई परत कधी लोणारला आली नाही. वरवटच्या बाया येत. दोन-तीन वर्षांनी त्यांतली एक सहज बोलून गेली, हिंमतरावांच्या पोरीचं नाव शाळेत घालताना बदललं, आता तिला सुमन म्हणतात. मधे तिला मोठा ताप आला होता, तेव्हापासून अन्नपूर्णाबाईनं ते नाव घरात उच्चारू दिलं नाही.

आई कुडाच्या अलीकडे होती. तिला वाटलं, पंचफुला आता कोसळते.

"बरं केलं तिनं," पंचफुलाबाई म्हणाली. "मी असती तं मीबी बदललं असतं." आणि त्या बाईच्या ताटात तिनं आणखी एक भाकर वाढली.

ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. उकंडराव आधी गेला. मळा तिनं बटाईनं दिला, ओसरी मात्र शेवटपर्यंत चालवली. पाहुण्या बाया जेवता जेवता विचारत, मावशी, तुम्हाला लेकरंबाळं? आधी ती सांगायची, एक पोरगी आहे, साखरखेर्ड्याला नांदते. नंतर ती सांगू लागली, "होती एक. मंजुळा नाव होतं. पटकीत गेली." बाया चुकचुकत, हात थांबवत. "जेवा माय, जेवा," ती म्हणे, "भाकर गार होते," आणि उन्हं चढायच्या आत तळ्यात उतरायची वाट दाखवायला त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत जाई.